परतणारा अग्निबाण

शके १९४४ चा गुढीपाडवा, म्हणजे २ एप्रिल २०२२ चा दिवस. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, दिवेलागणही होऊन गेली होती. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या व आसपासच्या मुलखाच्या आकाशातून तांबूस ज्वाळांची एक रांग सरकत जाताना असंख्य लोकांनी पाहिली. कोणी तिला उल्का म्हटले, कोणास विमान जळत असल्याची शंका आली. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी नावाचे खेडे आहे. तेथे गावजेवणाची तयारी चालू असता धातूचे एक प्रचंड कडे आकाशातून येऊन मोकळ्या जागेत आदळले. त्याचा व्यास सुमारे तीन मीटर होता आणि वजन चाळीस किलोंहून अधिक होते. जवळच्या दुसऱ्या एका गावच्या शिवारात सुमारे अर्धा मीटर व्यासाचा धातूचा गोळाही सापडला. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही.

हे कडे आले कोठून? अवकाशातील वस्तूंची बारकाईने नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग यांचा मेळ घालून असे सांगितले की, चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘लाँग मार्च ३ बी’ या अग्निबाणाचा हा तिसरा टप्पा असावा. आपले ओझे वर पोहोचवून रिकामा झालेला तो टप्पा वर्षाहून अधिक काळ पृथ्वीभोवती घिरट्या घालीत होता. विरळ वातावरणाच्या विरोधाने त्याची कक्षा हळूहळू खाली येत गेली आणि अखेर पाडव्याच्या सायंकाळी तो महाराष्ट्रावर जळत कोसळला. तो लाडबोरीस पडावा अशी कोणाची योजना नव्हती. तो कोठे पडावा हे ठरविणारी सत्ताच कोणाच्या हाती उरलेली नव्हती.

‘सुटलेला बाण परत येत नाही’ असे आपल्याकडे म्हणतात, ते तोंडून गेलेल्या शब्दास अनुलक्षून. परंतु या वचनाचा सरळ अर्थही शतकानुशतके तितकाच खरा होता. अठराव्या शतकात मराठ्यांच्या, हैदराच्या आणि टिपूच्या फौजांत दारूचे बाण असत. नळीत दारू ठासावी, तिला बांबू बांधावा, बत्ती द्यावी आणि बाण शत्रूवर सोडावा, अशी ती रीत. गेला तो बाण गेला. त्याने परत यावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. विसाव्या शतकात अग्निबाणाने रणांगण सोडून अंतराळाची वाट धरली, तरी एकदाच वापरून टाकून द्यावयाची वस्तू हा त्याचा मूळ स्वभाव पालटला नाही. हा स्वभाव पुढे कसा पालटला, त्यात खाजगी उद्योगाने कोणता वाटा उचलला आणि लाडबोरीच्या कड्याने उभा केलेला प्रश्न त्यामुळे सुटला काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

अग्निबाण टाकून का द्यावा लागे, याचे कारण प्रथम समजून घेतले पाहिजे. पृथ्वीभोवती फिरत राहावयाचे तर वस्तूस सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर इतका वेग द्यावा लागतो. हा वेग देण्यास किती इंधन लागेल याचे गणित रशियन शिक्षक कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली प्रसिद्ध केले. त्या गणिताचा निष्कर्ष कठोर आहे. उड्डाणाच्या वेळी अग्निबाणाच्या एकंदर वजनापैकी सुमारे नऊ दशांश भाग इंधनाचाच असतो. उरलेल्या एका दशांशात टाक्या, यंत्रे, सांगाडा आणि प्रत्यक्ष न्यावयाचे ओझे एवढे सारे बसवावे लागते. लांबच्या बाजारास निघालेल्या बैलगाडीत नऊ पोती वैरणीची आणि गाडीसह सगळा माल दहाव्या पोत्यात, असाच हा प्रकार. म्हणून अग्निबाणाचे टप्पे करतात. खालच्या टप्प्यातील इंधन संपले की त्याचे रिकामे नळकांडे सोडून द्यावयाचे आणि हलक्या झालेल्या बाणाने पुढे जावयाचे. नळकांडे परत आणावयाचे तर त्यासाठी आणखी इंधन हवे, आणि आणखी इंधन म्हणजे तितके कमी ओझे. त्यामुळे कोट्यवधी रुपयांची यंत्रे समुद्रात लोटून देणे हाच शहाणपणा ठरला. वस्तुतः इंधनाची किंमत एकंदर खर्चाच्या मानाने अगदी थोडी असते. खरा पैसा जातो तो यंत्रात, आणि यंत्रच दर खेपेस बुडते. बाजारास गेलेली गाडी माल उतरविताच मोडून टाकावी आणि पुढच्या बाजारासाठी नवी घडवावी, अशा व्यवहारात कोणता व्यापारी टिकेल?

ही उधळपट्टी थांबविण्याचा पहिला मोठा प्रयत्न सरकारी होता. अमेरिकेच्या ‘स्पेस शटल’ या यानाचे पहिले उड्डाण १२ एप्रिल १९८१ रोजी झाले. अग्निबाणाप्रमाणे उभे चढावे आणि विमानाप्रमाणे धावपट्टीवर उतरावे, अशी त्याची रचना होती. बाजूचे दोन दारूचे बाण हवाईछत्रीने समुद्रात उतरत, तेथून ओढून आणले जात व पुन्हा भरले जात. मोठी इंधनटाकी मात्र दर वेळी नष्ट होई. या यानाची भरभराट झाली, तशीच त्याची मर्यादाही उघडी पडली. परतताना होणाऱ्या दाहापासून रक्षण करण्यासाठी त्याच्या अंगावर वीस हजारांहून अधिक कौले चिकटविलेली असत, आणि प्रत्येक प्रवासानंतर ती तपासावी लागत. यान परत येई खरे, परंतु त्यास पुन्हा सज्ज करण्यास महिनोन्महिने लागत आणि खर्चही अफाट होई. १९८६ साली ‘चॅलेंजर’ आणि २००३ साली ‘कोलंबिया’ ही दोन याने नाश पावली. एकंदर १४ अंतराळवीरांचे प्राण गेले, त्यांत कर्नालच्या कल्पना चावला होत्या. २०११ च्या जुलैत शेवटचे शटल उतरले, तोवर तीस वर्षांत १३५ उड्डाणे झाली होती. परत येणे म्हणजे स्वस्त होणे नव्हे. परत आलेली वस्तू थोड्या श्रमात पुन्हा उडाली पाहिजे, हा धडा जगास या यानाने दिला.

दुसरा मार्ग अगदी निराळा होता. पंख लावून उतरण्याऐवजी अग्निबाणाने ज्या पुच्छज्वालेवर चढावे तिच्यावरच उभ्याने उतरावे, अशी ती कल्पना. मॅक्डोनेल डग्लस कंपनीने बांधलेल्या ‘डीसी-एक्स’ या लहानशा बाणाने १९९३ सालच्या ऑगस्टात न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ती करून दाखविली. त्याची उंच मजल नव्हती. तथापि यंत्राची आच कमीअधिक करीत जमिनीवर अलगद टेकता येते, हे सिद्ध झाले. १९९६ साली उतरताना त्याचा एक पाय उघडलाच नाही, तो कलंडून जळाला, आणि पैशाच्या अभावी तो प्रयोग तेथेच थांबला.

यानंतर खाजगी उद्योग पुढे आला. दोन आठवड्यांच्या आत एकाच यानाने दोनदा शंभर किलोमीटरवर जाऊन यावे, अशा अटीवर एक कोटी डॉलरचे पारितोषिक ठेवण्यात आले होते. बर्ट रुटान यांच्या ‘स्पेसशिपवन’ने ४ ऑक्टोबर २००४ रोजी ते जिंकले. सरकारी खजिना पाठीशी नसतानाही अंतराळाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परत येता येते, एवढी गोष्ट त्यामुळे निश्चित झाली. परंतु शंभर किलोमीटर उंच जाणे वेगळे आणि कक्षेत ओझे पोहोचविणे वेगळे. हा दुसरा प्रश्न एलॉन मस्क यांनी २००२ साली काढलेल्या ‘स्पेसएक्स’ कंपनीने हाती घेतला. तिचे पहिले तीन बाण २००६ ते २००८ या काळात फसले. चौथा २८ सप्टेंबर २००८ रोजी कक्षेत पोहोचला. २०१० च्या डिसेंबरात तिचे ‘ड्रॅगन’ यान कक्षेतून परत येऊन समुद्रात सुखरूप उतरले. खाजगी कंपनीचे यान कक्षेतून परत आल्याचा हा पहिलाच प्रसंग. खालचा टप्पा मात्र हवाईछत्रीपर्यंत टिकेचना. तो वातावरणात शिरतानाच मोडून पडे. तेव्हा कंपनीने हवाईछत्रीचा नाद सोडला आणि पुच्छज्वालेवर उतरण्याचा मार्ग धरला. २०१५ च्या जानेवारीत आणि एप्रिलात समुद्रातील तराफ्यावर उतरण्याचे यत्न फसले. जूनमध्ये तर बाण वर जातानाच फुटला.

त्याच वर्षाच्या अखेरीस पारडे फिरले. २३ नोव्हेंबर २०१५ रोजी जेफ बेझोस यांच्या ‘ब्लू ओरिजिन’ कंपनीचा ‘न्यू शेपर्ड’ शंभर किलोमीटरवर जाऊन उभ्याने परतला, आणि पुढल्याच जानेवारीत तोच बाण पुन्हा उडाला. २१ डिसेंबर २०१५ च्या रात्री ‘फाल्कन ९’ चा खालचा टप्पा फ्लोरिडातील केप कॅनाव्हरल येथे उतरला. वरचा टप्पा त्या वेळी उपग्रहांना कक्षेत पोहोचवीत होता, हे या दुसऱ्या यशाचे वैशिष्ट्य. ३० मार्च २०१७ रोजी एकदा वापरलेल्या टप्प्याने दुसरा उपग्रह वर नेला, तेव्हा बाण परत येत नाही हे वचन व्यवहारातही खोटे ठरले.

हे उतरणे घडते कसे? उड्डाणानंतर सुमारे अडीच मिनिटांनी, सत्तर-ऐंशी किलोमीटर उंचीवर खालचा टप्पा सुटा होतो. थोडेसे इंधन त्याने राखून ठेवलेले असते. तो हवेत वळतो, यंत्रे पुन्हा पेटवून आपला वेग मोडतो, आणि दाट वातावरणात शिरताना दाह कमी व्हावा म्हणून पुन्हा एकदा पेटतो. वरच्या टोकाशी असलेले जाळीदार पंख सुकाणूसारखे हलून त्यास नेमक्या ठिकाणाकडे वळवितात. शेवटच्या क्षणी एक यंत्र पेटते, चार पाय उघडतात, आणि तो चाळीसएक मीटर उंचीचा टप्पा जमिनीवर किंवा तराफ्यावर उभा राहतो. २०२४ या एका वर्षात या जातीच्या अग्निबाणाची १३० हून अधिक उड्डाणे झाली. शटलास तेवढ्यासाठी तीस वर्षे लागली होती. २०२५ च्या ऑगस्टात एका टप्प्याने आपले तिसावे उड्डाण पुरे केले, आणि नोव्हेंबरात ‘ब्लू ओरिजिन’चा ‘न्यू ग्लेन’ हा मोठा बाणही आपला खालचा टप्पा उतरविण्यात यशस्वी झाला.

या इतिहासात महाराष्ट्राचा संबंध केवळ लाडबोरीपुरता नाही. भारताचा अग्निबाण घडला त्यात मराठी बुद्धी आणि महाराष्ट्रातील लोखंडकाम या दोहोंचाही वाटा आहे. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर हे घनइंधनाचे जाणकार. १९७९ ते १९८५ या काळात ते तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. १८ जुलै १९८० रोजी ‘एसएलव्ही-३’ ने भारतीय भूमीवरून भारतीय उपग्रह प्रथमच कक्षेत नेला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर हे साखर कारखान्यांची यंत्रे घडविणारे गाव. तेथील कारखान्याने ‘पीएसएलव्ही’च्या पहिल्या टप्प्याची पोलादी नळकांडी बनविली. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात ‘विकास’ हे द्रवइंधनाचे यंत्र तयार झाले. खाजगी उद्योगाचा हात भारतीय अग्निबाणास असा प्रारंभीच्या दशकांपासून लागलेला आहे. परंतु जवळजवळ तीन मीटर व्यासाचे, मोठ्या कौशल्याने जोडलेले ते नळकांडे श्रीहरिकोट्याहून उडाल्यावर दोन मिनिटांतच रिकामे होते आणि बंगालच्या उपसागरात बुडते. अनेक महिन्यांची कारागिरी दोन मिनिटांच्या कामासाठी खर्ची पडते.

हे भारतीय शास्त्रज्ञांस ठाऊक नव्हते असे नाही. १० जानेवारी २००७ रोजी ‘पीएसएलव्ही’ने ५५० किलो वजनाची एक कुपी कक्षेत सोडली. बारा दिवसांनी ती आज्ञेबरहुकूम खाली आली, हवाईछत्रीने बंगालच्या उपसागरात उतरली आणि बाहेर काढण्यात आली. कक्षेतून वस्तू परत आणण्याची विद्या भारतास त्या दिवशी साधली. २३ मे २०१६ रोजी पंख असलेले एक लहान यान सुमारे ६५ किलोमीटर उंच जाऊन, ध्वनीच्या पाचपट वेगाने वातावरणात शिरून, समुद्रावर ठरलेल्या जागी आले. २ एप्रिल २०२३ रोजी, म्हणजे लाडबोरीच्या घटनेस बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, कर्नाटकातील चित्रदुर्गाजवळ या मालिकेतील यान हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडले आणि ते आपले आपण धावपट्टीवर उतरले. २०२४ साली ‘पुष्पक’ या नावाने ते आणखी दोनदा उतरविण्यात आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केंद्र सरकारने सुमारे ८,२४० कोटी रुपये खर्चाच्या नव्या अग्निबाणास मंजुरी दिली; त्याचा खालचा टप्पा पुन्हा वापरता येईल असा योजिला आहे. २०२० साली खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले. हैदराबादच्या ‘स्कायरूट’चा ‘विक्रम-एस’ १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, आणि चेन्नईच्या ‘अग्निकुल’चा ‘अग्निबाण’ हेच नाव धारण करणारा बाण ३० मे २०२४ रोजी उडाला. ही दोन्ही उड्डाणे कक्षेपर्यंत जाणारी नव्हती. परंतु आरंभ झाला.

आता लाडबोरीच्या कड्याचा प्रश्न. परतणाऱ्या अग्निबाणांच्या या गौरवगाथेत एक गोष्ट सहज विसरली जाते. परत येतो तो खालचा टप्पा, आणि लाडबोरीस पडला तो वरचा. खालचा टप्पा सुटतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर असतो. वरचा टप्पा कक्षेत सुमारे पावणेआठ किलोमीटरने धावत असतो. वेग चौपट झाला की त्यातील ऊर्जा सुमारे पंधरापट होते, आणि ती सारी उतरताना उष्णतेच्या रूपाने सोसावी लागते. म्हणूनच ‘फाल्कन ९’ चा वरचा टप्पाही टाकूनच दिला जातो. शेवटी एकदा यंत्र पेटवून त्यास निर्जन महासागरावर पाडावे, अशी चांगली रीत आहे. परंतु यंत्र न पेटल्यास काय होते, हे २०२५ च्या फेब्रुवारीत पोलंडमध्ये दिसले. याच कंपनीच्या टप्प्याचे जळके अवशेष पोझनान शहराजवळ पडले. वरचा टप्पाही अखंड परत यावा म्हणून त्या कंपनीने २०२३ पासून ‘स्टारशिप’ची प्रयोगउड्डाणे आरंभिली. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचा प्रचंड खालचा टप्पा परत येताना मनोऱ्याच्या दोन बाहूंनी अधांतरी पकडण्यात आला. वरच्या टप्प्याचे काम त्याहून पुष्कळ अवघड आहे.

समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या माणसास या गोष्टीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याने हिंगोली जिल्हा डोळ्यांसमोर आणावा. हिंगोलीचे अक्षांश सुमारे पावणेवीस अंश, लाडबोरीचे वीस अंशांच्या किंचित वर. ज्या वस्तूची कक्षा विषुववृत्ताशी वीस अंशांहून अधिक कललेली असते, ती कधी ना कधी या दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशावरून जातेच. दोहोंमधील अंतर पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. कक्षेच्या वेगाने ते पाऊण मिनिटाच्या आतच संपते. वातावरणाची घनता सूर्याच्या तापाप्रमाणे कमीअधिक होत असल्यामुळे बेवारस टप्पा नेमका केव्हा उतरेल, याचा अंदाज शेवटच्या दिवशीही कित्येक मिनिटांनी चुकतो. पाडव्याच्या दिवशी जे लाडबोरीच्या मोकळ्या जागेत पडले, तसेच एखादे कडे कळमनुरीच्या किंवा वसमतच्या शिवारातही पडू शकते. याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ विश्वातील गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलात मंजुरी दिली. पावसाची वाट पाहण्यापुरताच ज्या मुलखाचा आकाशाशी संबंध होता, तो मुलूख आता आकाशाच्या विद्येत भागीदार झाला आहे. आकाशातील कचऱ्यात मात्र तो आपल्या संमतीवाचूनच भागीदार झालेला आहे.

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये, आकाशातून पडलेल्या वस्तूने भूमीवर नुकसान झाल्यास ती सोडणाऱ्या राष्ट्रावर त्याची पूर्ण जबाबदारी असते. खाजगी कंपनीने सोडलेली वस्तूही त्यातून सुटत नाही. परंतु कायदा भरपाई देतो, वस्तू थांबवीत नाही. थांबविण्याचे काम बांधणाऱ्यासच करावे लागते, आणि भारतात त्याचे एक साधे पण मोलाचे उदाहरण घडले आहे. १ जानेवारी २०२४ रोजी उडालेल्या ‘पीएसएलव्ही’चा चौथा टप्पा रिकामा होताच फेकून दिला गेला नाही. त्याची कक्षा ६५० किलोमीटरवरून सुमारे ३५० किलोमीटरवर आणण्यात आली, उरलेले इंधन काढून टाकण्यात आले आणि त्याच टप्प्यावर बसविलेल्या उपकरणांनी आपले प्रयोग उरकले. २१ मार्च २०२४ रोजी तो वातावरणात शिरून संपला. कक्षेत त्याचा मागमूस राहिला नाही. २०३० पर्यंत सरकारी वा खाजगी, कोणत्याही भारतीय मोहिमेने अंतराळात कचरा ठेवू नये, असा संकल्पही भारताने त्याच वर्षी जाहीर केला.

अग्निबाण परत आणण्याची धडपड पैसा वाचविण्यासाठी सुरू झाली, आणि व्यापाराच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु नळकांडे समुद्रात लोटून देण्याचा जो हिशेब पूर्वी शहाणपणाचा वाटे, त्यात एक रक्कम कधी मांडलीच जात नसे. वर गेलेली वस्तू केव्हा तरी खाली येणार आणि ती कोणाच्या तरी अंगणात येणार, ही ती रक्कम होय. ती आजवर कंपन्यांच्या किंवा सरकारांच्या वहीत नव्हती. ती नकळत एखाद्या खेड्याच्या नावे पडत असे. भारतातील नवे खाजगी कारखाने आता आपले बाण घडवीत आहेत. उड्डाणाच्या दिवशी त्यांचे कौतुक होईलच. परंतु बाणाचा शेवटचा तुकडा कोठे उतरला, हे ज्यांस सांगता येईल त्यांचाच हिशेब पुरा मानला पाहिजे.